जिभेवरची चुनखडी

आमच्याकडे पाऊस गेला हे मला आभाळाकडे पाहून कळत नाही, जमिनीकडे पाहून कळतं. आश्विनात एखाद्या सकाळी वांग्याच्या वाफ्याकडे जाताना पायाखालची काळी माती चिकटेनाशी होते. कालपर्यंत पावलागणिक चप्पल जड करणारी ती माती त्या दिवशी नुसती दबते आणि सोडून देते. दुपारपर्यंत तिच्यावर केसासारखी पहिली भेग पडते. काही दिवसांत त्या भेगेत बोट जातं आणि पाणी दिलं नाही तर दिवाळीपर्यंत अख्खा पंजा जाईल एवढी ती फाकते. शहरातले लोक त्या दिवसांतल्या उन्हाला ऑक्टोबर हीट म्हणतात. आमच्या वडनेर गावात त्याला वेगळं नाव नाही. सासूबाई एवढंच म्हणतात, "तपन चटकून राह्यली आता."

यंदाही ती सकाळ आली. मी कॉलेजात शिकवायला निघाले होते. नाल्याच्या पुलावरून गाडी नेताना दरडीकडून ओल्या चुनखडीचा वास आला आणि मी गाडी थांबवली. हा वास ज्यांनी घेतलेला नाही त्यांना कसा सांगावा? नव्या माठात पहिलं पाणी ओतावं तसा तो असतो, पण त्याहून गार आणि थोडा खारट. मी पुलाच्या कठड्याशी उभी राहून तो मनसोक्त घेतला. तोंडाला पाणी सुटलं नाही. जीभ जागच्या जागी राहिली. वास आवडला, एवढंच. मग मी गाडीला किक मारली आणि वेळेवर वर्गात पोचले. दरवर्षी पाऊस सरला की मी त्या पुलावर एकदा थांबते आणि एवढी खात्री करून घेते. ती झाली की मला वर्ष सुरू झाल्यासारखं वाटतं.

या सगळ्याची सुरुवात झाली त्या वर्षी मी नागपूरला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. माहेर पुलगावचं, वडील तिथल्या लष्करी डेपोत कामाला. लग्न होऊन वडनेरला आले ती शिक्षण अर्ध्यावर असताना. सासरी भाजीची शेती. नवरा, अनिल, भाजी पिकवतो आणि त्याची आई ती हिंगणघाटच्या बाजारात विकते. सासूला मी आत्याबाई म्हणते. कुणी शिकवलं नव्हतं, लग्नानंतर आपोआप तेच तोंडात बसलं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक प्रकल्प करायचा होता. बरोबरीच्या मुलांनी चुनखडकाच्या मोठमोठ्या खाणी निवडल्या. मला नागपूरहून फार लांब जाणं शक्य नव्हतं, कारण तोवर मला दिवस गेले होते. आमच्या जिल्ह्यात चुनखडकाचे डोंगर नाहीत. इथे खाली सगळा काळा पाषाण आणि वर त्याचीच झिजून झालेली काळी माती. पण या काळ्या मातीच्या पोटात पांढरे खडे असतात. हरभऱ्याएवढे, बोराएवढे, कधी लिंबाएवढे. नांगराला लागतात, खुरप्याला लागतात, निंदणाऱ्या बायका ते उचलून धुऱ्यावर फेकतात. आमच्याकडे त्यांना कंकर म्हणतात. मी सरांना म्हटलं, मी कंकरावर काम करते. माझे मार्गदर्शक सर हसले नाहीत, ही मोठी गोष्ट. म्हणाले, "कर. मोठ्या खडकाला समुद्र लागतो. कंकराला नुसती हवा पुरते."

ते खरंच तसं आहे. पावसाचं पाणी मातीत उतरताना मुळांचा आणि किड्यामुंग्यांचा उच्छ्वास सोबत घेतं आणि त्यानं किंचित आंबट होतं. पाषाणाच्या भुग्यातला चुना त्या पाण्यात विरघळतो. पाऊस जितका जास्त, तितकं ते पाणी खोल जातं. मग पाऊस थांबतो, ऊन चढतं, मुळं पाणी शोषून घेतात आणि चुना तिथेच मागे राहतो. एखाद्या वाळूच्या कणाभोवती, मेलेल्या मुळाच्या पोकळीत तो कागदाहून पातळ थर धरतो. पुढच्या पावसाळ्यात त्यातला थोडा विरघळतो, पुढच्या उन्हात पुन्हा बसतो. अशी न मोजता येणारी वर्षं गेली की एक कंकर होतो. पाऊस फारच पडत असेल तर चुना वाहूनच जातो. म्हणून कोकणात असे खडे सापडायचे नाहीत. पाऊस अगदीच कमी असेल तर तो खोल जातच नाही, वरच्यावर जाड फरशीसारखा जमतो. आमचा मुलूख ह्या दोहोंच्या मधला. चार महिने भिजायचं आणि आठ महिने सुकायचं. म्हणून आमच्या वाट्याला खडे.

वडनेरच्या बाहेर नाल्यानं एके ठिकाणी शेत कापून माणूस-दीड माणूस उंचीची दरड उघडी केली आहे. तिथे हे सगळं एकावर एक दिसतं. वरच्या भागातले कंकर पांढरे, ठिसूळ, कडेला कुरतडल्यासारखे. खालच्या भागातले वेगळेच. जड, गुळगुळीत, आणि अंगावर काळपट कातडी चढलेली. ती लोखंडाची आणि मँगनीजची पुटं. सरांचा कयास असा की खालचे खडे जुन्या, जास्त पावसाच्या काळातले असावेत. तेव्हा माती बरेच महिने पाण्याखाली राहत असावी. वरचे अलीकडचे, हवा कोरडी होत गेल्यानंतरचे. "पण घाई करायची नाही," ते बजावायचे. "एका काळ्या खड्यावरून पाऊस जास्त होता असं म्हणता येत नाही. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे आधी तपासायचं."

मी नाल्यावर जाणार म्हटल्यावर आत्याबाईंनी भाजीच्या टोपल्या खाली ठेवल्या.

"तुले एकटीले थ्या नाल्यावर मी जाऊ देत नाई. पोटुशी बाई, आन् तिथं सापकिरडू असते."

"अनिल येतील सोबत."

"त्याले फवारणी हाये. मी येतो."

"मग बाजार?"

"एक दिवस बाजार त्यो पाहीन."

तो एक दिवस कधी संपलाच नाही. त्या हंगामात मी जेव्हा जेव्हा नाल्यावर गेले तेव्हा आत्याबाई सोबत होत्या. डोक्यावर छत्री, हातात स्टीलचा डबा, आणि लांब धरलेल्या दुसऱ्या हातात माझी सौम्य ॲसिडची बाटली. ती बाटली त्या मला पिशवीत ठेवू देत नसत. पहिल्यांदा मी खड्यावर थेंब टाकला आणि तो फसफसला तेव्हा त्या दोन पावलं मागे सरल्या.

"उकळून राह्यलं ना वं हे."

"यात चुना आहे म्हणून फसफसतो. पावसानं आणि उन्हानं मिळून केलेला दगड आहे हा, आत्याबाई."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातावर परत ठेवला. "मंग भाव काय लागन याचा?"

बाभळीखाली बसून आम्ही भाकर खायचो. त्या गावातल्या सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी सांगायच्या, आणि मधूनच मोबाईल कानाला लावून बाजारात बसलेल्या अनिलला ओरडायच्या की पालकाची जुडी लहान बांधू नको. वर लखलखीत आभाळ, खाली नाल्यात उरलेल्या पाण्याची डबकी, आणि दरडीतून येणारा तो वास. त्या दिवसांतलं मला सगळ्यात आधी काय आठवत असेल तर तो वास. नाकातून तो घशात उतरायचा आणि तिथून थेट जिभेवर.

दगड चाटणं आमच्या शास्त्राला नवीन नाही. ओला केला की खड्याचा रंग आणि कण नीट दिसतात; पाणी जवळ नसेल तर जीभ लावायची, हे प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतो. माझंही सुरुवातीला तेवढंच होतं. मग कधीतरी मी वरच्या थरातल्या खड्याचा एक टवका दाढेखाली धरला. तो करकरला, विरघळला, आणि सबंध अंगाला गार वाटलं. त्यानंतर माझ्या पिशवीत नमुन्यांच्या पुड्यांबरोबर एक पुडी वेगळी असायची. बसमध्ये, वर्गात, स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असताना मी एकेक चुरा तोंडात टाकायची. मला कळत होतं की हे नेहमीचं नाही. पण डोहाळे म्हणजे काहीतरी खावंसं वाटणारच, कुणाला चिंच, कुणाला राख, मला माझ्या विषयातलं काहीतरी, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

त्यातली एक गंमत अजून आठवते. प्रकल्पाच्या कच्च्या मसुद्यात मी दोन थरांतला फरक लिहिला होता: वरचे खडे तोंडातल्या साखरेसारखे सावकाश विरतात, खालचे दातांना दाद देत नाहीत. सरांनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, "निरीक्षण अचूक. पद्धत कोणती?"

दम लागायला लागला तो कार्तिकाच्या तोंडावर. दरड चढताना मी मध्येच थांबायची, बाभळीला धरून उभी राहायची. कानात वारं भरल्यासारखा आवाज यायचा. पोटातल्या वजनानं होतं, असं मी म्हणायची. आत्याबाईंचं बोलणं कमी होत चाललं होतं. छत्रीखालून त्या माझ्याकडे बघत राहायच्या.

एका दुपारी मी त्यांच्याकडे पाठ करून नमुने पुड्यांत बांधत होते. एक खडा बांधला, दुसरा तोंडात टाकला. मागून आवाज आला नाही. मी वळले तर त्या अगदी जवळ उभ्या होत्या आणि डबा तिथेच खाली ठेवलेला.

"किती दिसापासून खाऊन राह्यली तू हे?"

मला खोटं सुचलं नाही. "गणपतीपासून."

आता ओरडा बसणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी माझा हात हातात घेतला. माझं नख दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. नख पांढरं होतं ते पांढरंच राहिलं. मग त्या तिथेच मातीत बसल्या आणि मलाही बसवलं.

"मीबी खाल्ली होती," त्या म्हणाल्या. "पोताऱ्याची पांढरी माती. भितीले पोतारा करतो ना, ते. चोरून खाओ मी. अनिलच्या आधी एक पोरगी झाली होती मले."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. अनिललाही माहीत नव्हतं, हे पुढे कळलं.

"धुगधुगी होती तिले. पण टिकली नाई. माह्या सासूले दिसलं होतं मी माती खाल्ली ते. तिनं आंगणात उभं राहून साऱ्याइले सांगतलं, इनं माती खाल्ली आन् पोरीची माती केली. बाया माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या. मी काय बोलणार? खाल्ली तर होतीच मी."

नाल्याच्या पलीकडे कुणीतरी बैलांना हाकत होतं. आत्याबाईंचा आवाज हलला नव्हता. इतकी वर्षं एकट्यानं घोकलेलं माणूस असंच सांगतं.

"मले कोणी दवाखान्यात नाई नेलं," त्या उठत म्हणाल्या. "तुले मी उद्याच नेतो. आन् थे पुडी दे इकडे."

मी पुडी दिली. त्यांनी ती फेकली नाही. पदराच्या टोकात बांधली. म्हणाल्या, डॉक्टरला दाखवायला लागेल.

हिंगणघाटच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला तुटक पण हात हलका. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन सहाच्या घरात आलं. तो कागद पाहून त्या म्हणाल्या, असंच बाळंतपणापर्यंत गेलं असतं तर दोघांच्याही जिवाला धोका होता. अजून वेळ आहे. लोह सलाईनमधून द्यावं लागेल, एकदा नाही, बऱ्याचदा यावं लागेल. आणि मग त्यांनी विचारलं, "माती, खडू, तांदूळ, असलं काही खाता का?"

आत्याबाईंनी पदराची गाठ सोडून पुडी टेबलावर ठेवली.

"हं," डॉक्टर म्हणाल्या. "हे आजपासून बंद. चुना पोटात गेला की लोह अंगी लागत नाही. पण घाबरू नका, मन मारायची वेळ फार दिवस येणार नाही. रक्त वाढलं की हे खावंसं वाटायचंच थांबेल."

आम्ही उठलो. दारापर्यंत गेलो. आत्याबाई वळल्या.

"डाक्टरीणबाई, माती खाल्ल्यानं लेकरू मरते काय?"

"अहो, सुनेला काही होणार नाही. आता आलात ना वेळेवर."

"तिचं नाई विचारून राह्यलो मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना बसायला सांगितलं. आत्याबाईंनी उभ्यानंच, चार वाक्यांत सगळं सांगितलं. पोतारा, पोरगी, अंगण. डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"इतक्या वर्षांपूर्वी त्या बाळाला काय झालं ते मला आज सांगता येणार नाही, आणि मी अंदाजानं सांगणारही नाही," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. बाई माती खाते म्हणून तिचं रक्त संपत नाही. रक्त आधी संपलेलं असतं, म्हणून ती माती खाते. ती खूण असते. तुमच्या अंगणातल्या लोकांनी ती खूण पाहिली आणि तुम्हाला डॉक्टरकडे न्यायचं सोडून दोष दिला. तुम्ही काही केलं नव्हतं."

आत्याबाई "बरं" म्हणाल्या. बाहेर येऊन बाकावर बसल्या, चपला काढून पाय गार फरशीवर टेकवले. मी शेजारी बसले. त्या रडतील असं मला वाटलं, मी रुमालही काढून ठेवला. त्या म्हणाल्या, "मले भूक लागली वं."

बसस्टँडसमोर आम्ही आलूबोंडे खाल्ले. त्यांनी एक प्लेट संपवली, दुसरी मागवली, आणि मिरची चावून डोळ्यांत पाणी आल्यावर पदरानं पुसत राहिल्या. मिरची काही इतकी तिखट नव्हती. घरी आल्यावर त्यांनी अनिलला ओसरीवर बोलावून सांगितलं की तुला मोठी बहीण होती. तो आईजवळ जाऊन बसला, आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे चूल उशिरा पेटली.

आत्याबाई आता साठीला आल्या आहेत. अजूनही बाजारात बसतात, आणि भाजी घ्यायला आलेली कुणी पोटुशी दिसली की तिला जवळ बोलावून तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतात. काही जणी चिडतात. एक शिकलेली मुलगी तर टोमॅटो तिथेच ठेवून निघून गेली होती. आत्याबाईंना त्याचं काही वाटत नाही. "पांढरी दिसली का मी तिले सोडत नाई," एवढंच म्हणतात. मी कॉलेजात मुलांना सांगते की कंकराचा रंग पाहा, कड पाहा, मगच बोला. घरी आम्ही दोघी कधीमधी एकमेकींच्या कामाला हसतो.

त्या वर्षी मला लोह चढू लागलं, पण नाल्याचं काम अर्धवटच होतं. खालच्या थरातले नमुने कमी पडत होते. डॉक्टरांनी मला दरड चढण्या-उतरण्याला मनाई केली. अनिलला खालचा थर आणि वरचा थर यातला फरक दिसायचा नाही. त्याला सगळे खडे शेतातली अडचण. शेवटी आत्याबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि माझी हातोडी घेतली.

मी वर बाभळीच्या सावलीत छत्री धरून बसले आणि बोट दाखवत राहिले.

"अजून खाली. नाही, त्याच्या डाव्या बाजूचा."

"हा काय?"

"तो नाही, तो काळा."

"सारेच काळे हायेत ना. तू नीट सांग."

त्यांच्या हातोडीचे घाव भाजी तोडायच्या विळ्यासारखे तिरपे पडायचे, निम्मे नमुने फुटायचे. मी ते फुटलेलेही ठेवले. नागपूरला त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तेव्हा कळलं की ते आमच्या हातोडीच्या आधीही कितीदा फुटलेले आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि आतल्या खड्यांना दाबून चिरते. मग पुढच्या कोरड्या दिवसांत चुना त्या चिरेत उतरतो आणि स्फटिक होऊन ती भरून काढतो. वरच्या खड्यांत अशा चिरा थोड्या, आणि मध्ये बारीक मुळांच्या पोकळ्या जशाच्या तशा. खालच्यांत चिरेवर चीर, आणि बहुतेक भरलेल्या. सरांनी बराच वेळ भिंगाला डोळा लावून ठेवला होता. "आता लिही," ते म्हणाले. "पण चाटून नको." बाकीची मुलं का हसत नाहीत हे त्यांना कळलं नाही; ती गोष्ट फक्त आम्हा दोघांना माहीत आहे हे ते विसरले होते.

हल्ली पाऊस पूर्वीसारखा रिमझिमत नाही. एका दुपारी कोसळतो आणि मग कितीतरी दिवस नुसतं ऊन. असं पाणी खोल मुरत नाही, वरच्या वर वाहून जातं. आमच्या शेताच्या नाल्याकडच्या कोपऱ्यात कंकर आता खुरप्याच्या टोकाला लागतो, आणि तिथल्या वांग्याची पानं शिरा सोडून पिवळी पडतात, कारण चुन्याच्या जमिनीत झाडाला लोह घेता येत नाही. अनिल त्यांच्यावर लोहाची फवारणी करतो. आठवड्यानं पानं हिरवी होतात. ती हिरवी झालेली पाहायला मी मुद्दाम त्या कोपऱ्यापर्यंत जाते.

माझं खाणं कधी थांबलं, तो दिवस मला नेमका सांगता येत नाही. त्या वर्षीच्या मार्गशीर्षातली थंडी होती. मी अंगणात उन्हाला पाठ देऊन बसले होते आणि समोर सुपात नमुने वाळत घातले होते. एक खडा उचलून मी त्याची कड पाहत होते, पुडीवर खूण करत होते. असे बरेच झाल्यावर लक्षात आलं की माझं तोंड कोरडं आहे. मी मुद्दाम एक खडा नाकाशी नेला. मातीचा वास आला. पुन्हा नेला. मातीचाच. मला इतकं हलकं वाटलं की मी आत्याबाईंना हाक मारून सांगितलं. त्या आतून तुरीच्या शेंगा उकडलेलं पातेलं घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "मंग हे खाय."

संक्रांत झाली आणि काही दिवसांनी कळा सुरू झाल्या. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नाव आधीच घातलेलं होतं. रक्त पुष्कळ वाढलं होतं, तरी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की धोका पत्करायचा नाही, रक्त देणारी माणसं हाताशी ठेवा. अनिलचे दोन मित्र, गजानन आणि संदीप, सकाळीच वडनेरहून भाजीच्या गाडीत बसून आले. रिकाम्या पोटी रक्त घेत नाहीत असं कुणीतरी सांगितल्यामुळे दोघं तर्री-पोहे खाऊन, वर चहा पिऊन, बाहेरच्या झाडाखाली बसले होते. आत्याबाई जिन्याच्या पायरीवर. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

मुलगी झाली. ती मोठ्यानं रडली, आणि मला टाके घालणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, रक्तस्राव नेहमीएवढाच आहे, काळजीचं काही नाही. पुढचं मला अनिलनं सांगितलं. नर्स बाहेर येऊन म्हणाली, बाळबाळंतीण सुखरूप आहेत, रक्त लागलं नाही, तुम्ही लोक गेलात तरी चालेल. आत्याबाईंनी हात जोडले आणि मग पोरगी पाहिली. दुपट्यात गुंडाळलेल्या तिच्या छातीवर हात ठेवून त्या तो वरखाली होताना कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

बाहेर गजानन म्हणाला, "आता पोटभर खाऊन बसलो ना आम्ही. कायले वाया घालवता? घ्या काढून, कोणाच्या तरी कामी येईन."

दोघं रक्तपेढीकडे निघाले. आत्याबाई म्हणाल्या, थांबा, मी पण येतो. अनिलनं अडवलं, म्हणाला, तू सकाळपासून उपाशी आहेस. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या दोन केळी खाल्ली, पाणी प्याल्या, थोडा वेळ बसल्या आणि पुन्हा उठल्या. रक्तपेढीतल्या ताईंनी वय विचारलं, वजन घेतलं, बोटाला सुई टोचली आणि निळ्या पाण्यानं भरलेली एक काचेची कुपी पुढे ओढली. रक्त पुरेसं असेल तर थेंब तळाला जातो, त्या म्हणाल्या. कमी असेल तर वरच तरंगतो, मग आम्ही घेत नाही.

थेंब पडला. निळ्या पाण्यात तो क्षणभर जागीच थांबला. आत्याबाई ओणव्या होऊन श्वास धरून पाहत होत्या. मग तो सरळ खाली गेला आणि तळाशी जाऊन बसला.

"चांगलं आहे रक्त तुमचं," ताई म्हणाल्या. "या, बाही वर करा."

अनिल सांगतो, त्याची आई त्या खाटेवर हात लांब करून पडली, डोळे मिटले, आणि पिशवी भरत असताना तिथेच शांत झोपी गेली.